अनुदानातला सल्लागार आपल्या कारखान्याला हवा आहे का, हे कसं ठरवायचं

'उद्यम' ही लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी झाली की काही दिवसांत फोन यायला लागतात. "सर, लीनमध्ये नव्वद टक्के सबसिडी आहे, तुम्हाला फक्त दहा टक्के भरायचे." 'लीन' म्हणजे कारखान्यातली नासाडी कमी करायला सल्लागार देणारी सरकारी योजना. योजना खरी आहे आणि टक्केही खरे आहेत. अडचण अशी होते की नव्वद टक्के ऐकल्यावर अर्ज कसा करायचा, एवढंच डोक्यात राहतं आणि आपल्याला सल्लागाराची गरज आहे का, हे तपासायचं राहून जातं. हा लेख त्या तपासणीसाठी आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावातली लहान फाउंड्री, भोसरीतलं मशीन शॉप, अंबडमधलं फॅब्रिकेशनचं युनिट, अशा दहा-पंधरा ते पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यांचे मालक मी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. तुमचा धंदा फक्त खरेदी-विक्रीचा असेल, तर खालच्या दोन्ही योजना तुमच्यासाठी नाहीत, कारण त्या उत्पादन करणाऱ्यांसाठी आहेत.

योजनांमध्ये काय मिळतं

केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या दोन योजना इथे कामाच्या आहेत.

पहिली 'लीन'. तिचं सध्याचं रूप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. तिचे तीन टप्पे आहेत. प्राथमिक टप्पा दोन महिन्यांचा आणि पूर्ण मोफत आहे. मधला टप्पा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा आणि १,२०,००० रुपये खर्चाचा, तर प्रगत टप्पा बारा महिन्यांचा आणि २,४०,००० रुपयांचा. या दोन टप्प्यांत सल्लागाराच्या फीचा नव्वद टक्के वाटा सरकार उचलतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणखी पाच टक्के आहेत. म्हणजे मधल्या टप्प्याला तुमच्या खिशातून साधारण १२,००० रुपये जातात. सल्लागार कारखान्यात येऊन काम पाहतो आणि फाइव्ह-एस (प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा), कानबान (लागेल तेवढाच माल पुढे सरकवणं), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय), मशीनची सेटिंग लवकर बदलणं यांसारख्या पद्धती तुमच्या माणसांकडून बसवून घेतो.

दुसरी 'झेड', म्हणजे मालात दोष नको आणि पर्यावरणाला त्रास नको, अशा उत्पादनासाठीची. एप्रिल २०२२ मध्ये ती नव्या रूपात आली. तिच्या शेवटी प्रमाणपत्र मिळतं: ब्राँझ, सिल्व्हर किंवा गोल्ड. प्रमाणनाची फी अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये. तिच्यावर सूक्ष्म उद्योगाला ऐंशी, लघुला साठ आणि मध्यमला पन्नास टक्के अनुदान आहे, आणि महिलांच्या उद्योगांना पूर्ण माफी. पुढच्या पातळीवर जाण्यासाठी सल्ला आणि मदतीपोटी ५ लाखांपर्यंत वेगळी तरतूद आहे. हे दर मधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी योजनेच्या पोर्टलवर ते एकदा पाहून घ्या.

१ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यमच्या मर्यादाही बदलल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत लघु. तुमचं जुनं वर्गीकरण 'लघु' असेल आणि आता तुम्ही 'सूक्ष्म'मध्ये बसत असाल, तर झेडमधला अनुदानाचा टक्का थेट वाढतो. उद्यम नोंदणी आणि तिच्यातली दुरुस्ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणारी साइट खासगी समजा.

पहिली पायरी: दुखणं एका वाक्यात लिहा, आकड्यासकट

"धंद्यात शिस्त नाही" हे दुखणं झालं नाही. "महिन्याला ओतलेल्या मालातला आठ टक्के माल रिजेक्ट होतो आणि त्यातला निम्मा वाळूच्या दोषाने जातो" हे दुखणं झालं. "एका जॉबवरून दुसऱ्यावर जाताना सीएनसी दोन तास उभं राहतं", "गेल्या तीन महिन्यांत पंधरा डिस्पॅच उशिरा गेले", अशी वाक्यं हवीत.

असं वाक्य लिहिता येत नसेल, तर एक महिना फक्त नोंद ठेवा. वही पुरे. रिजेक्शन कुठल्या पार्टचं, किती नग, कारण काय, कुठली शिफ्ट, एवढे चार रकाने आखा. मशीन बंद राहिलं तर किती मिनिटं आणि कशामुळे, ते लिहा. महिनाअखेरीस सुपरवायझरला शेजारी बसवून बेरीज करा. या पायरीवर मी अडून बसतो, कारण नोंद नसलेल्या कारखान्यात सल्लागाराचे पहिले दोन महिने नोंद सुरू करण्यातच जातात, आणि ते काम तुम्ही त्याच्याशिवाय करू शकता. शिवाय कामाच्या शेवटी फरक पडला की नाही, हे सांगायला सुरुवातीचा आकडा हाताशी लागतोच.

पुष्कळदा या एका महिन्यात निम्मा प्रश्न सुटतो. एकाच पॅटर्नवर किंवा एकाच शिफ्टला दोष दिसला की उपाय समोरच असतो. तसं झालं, तर लीनचा मोफत प्राथमिक टप्पा करा आणि तिथेच थांबा.

दुसरी पायरी: हे दुखणं सल्लागाराचं आहे का, ते पाहा

लहान कारखान्याला छळणाऱ्या कित्येक गोष्टींवर उत्पादनाच्या सल्लागाराकडे उपाय नसतो.

पार्टी पैसे थकवत असेल तर तुम्हाला कायदा लागतो. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल करारात ठरलेल्या मुदतीत, आणि कुठल्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत द्यावं लागतं. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवरून सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे जाते. मोठ्या कंपनीला माल देत असाल तर बिलं ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर वटवता येतील का, ते बँकेत विचारा.

खेळतं भांडवल अपुरं असेल तर रस्ता बँकेकडे जातो. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या ट्रस्टच्या हमीवर कर्ज मागा. ऑर्डरच कमी असतील तर शॉपफ्लोअर कितीही नीट लावला तरी ऑर्डर येत नाहीत. वीस वर्षांचं लेथ माप धरत नसेल तर पैसा मशीनवर घाला.

हिशेब आणि विक्रीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. नायजेरियात काही शे लहान उद्योगांवर एक नीट आखलेला प्रयोग झाला. काहींना प्रशिक्षण दिलं, काहींना सल्लागार दिला, काहींना हिशेब आणि मार्केटिंगसाठी माणूस नेमायला किंवा ते काम बाहेर द्यायला मदत केली. माणूस नेमणं किंवा काम बाहेर देणं हे सल्लागाराइतकंच उपयोगी ठरलं, आणि खर्च जवळजवळ निम्मा आला. तुमचं दुखणं "कुठल्या पार्टवर किती सुटतं तेच कळत नाही" असं असेल, तर आठवड्यातून दोन दिवस येणारा चांगला अकाउंटंट आधी शोधा.

उद्योग अगदीच लहान असेल तरी जपून. घानाची राजधानी अक्रा इथल्या शिंप्यांना सल्लागार दिले होते. त्यांनी सांगितलेल्या पद्धती थोडे दिवस वापरल्या, नफा वाढला नाही, आणि वर्षभरात सगळे जुन्या पद्धतीवर परत आले. स्वतः मशीनवर बसणाऱ्या माणसाला तक्ते भरण्याची किंमत जास्त पडते. तीन कामगार आणि चौथे तुम्ही अशी शेड असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सल्लागार आत्ता नको.

तारापूरच्या गिरण्यांनी काय दाखवलं

सल्ल्याचा फायदा खरंच होतो का, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उत्तर आपल्याच पट्ट्यातून आलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक बँकेबरोबर २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांवर प्रयोग केला. सतरा कंपन्या आणि त्यांचे अठ्ठावीस कारखाने होते, सगळे घरच्या मालकीचे. एका गटाला पाहणीनंतर चार महिने मोफत सल्लागार दिला, दुसऱ्या गटाची फक्त एक महिन्याची पाहणी केली.

सुरुवातीला दिसलेलं चित्र कुठल्याही औद्योगिक वसाहतीत ओळखीचं वाटेल. सुताचा साठा नोंदीविना कोंबलेला, जमिनीवर हत्यारं आणि कचरा, कापडातले दोष दुरुस्त करायला माणसांची फौज, पण दोष कुठून येतो याचा हिशेब नाही. मालकांना या पद्धतींपैकी काही माहीत नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्या आपल्याकडे चालतील असं वाटत नव्हतं. सल्ला मिळालेल्या गटाची उत्पादकता पहिल्या वर्षात सतरा टक्क्यांनी वाढली. दोष कमी झाले, साठा कमी झाला.

या निकालापुढे दोन गोष्टी ठेवायला हव्यात. एक, या कंपन्या सरासरी दोनशे सत्तर कामगारांच्या होत्या, त्यामुळे तो आकडा पंधरा माणसांच्या शेडला जसाच्या तसा लावू नका. दोन, संशोधक २०१७ मध्ये परत गेले तेव्हा सुरू झालेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. मुख्य कारणं होती कारखान्याचा व्यवस्थापक बदलणं आणि मालकांना वेळ न मिळणं. तरीही हे कारखाने सल्ला न मिळालेल्यांच्या पुढेच होते. म्हणजे फायदा टिकतो, पण तो टिकवणारा माणूस कारखान्यात असावा लागतो.

मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातला प्रयोग आपल्या विषयाला आणखी जवळचा आहे, कारण तिथे सल्ला अनुदानित होता. वर्षभर, आठवड्याला साधारण चार तास सल्लागार येत असे. उत्पादकता वाढलीच, आणि त्यानंतर काही वर्षं या उद्योगांमधला रोजगारही वाढत राहिला.

तिसरी पायरी: खरा खर्च मांडा

अनुदान फीवर मिळतं. तुमच्या वेळेवर ते मिळत नाही, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच आहे. एक काल्पनिक फाउंड्री घेऊ.

लीनचा मधला टप्पा, सव्वीस आठवडे. मालकाचे आठवड्याला चार तास, म्हणजे १०४ तास. मालकाच्या तासाची किंमत ५०० रुपये धरली तर ५२,०००. सुपरवायझरचे आठवड्याला सहा तास, म्हणजे १५६ तास, तासाला १५० प्रमाणे २३,४००. तुमच्या वाट्याची फी १२,०००. एकूण ८७,४००. फोनवर सांगितलेला खर्च यातला सातवा भागसुद्धा नाही.

आता दुसरी बाजू. महिन्याला ४० टन ओतकाम, रिजेक्शन आठ टक्के. ते सहावर आलं तर महिन्याला ८०० किलो माल वाचतो. रिजेक्ट झालेलं लोखंड पुन्हा भट्टीत जातं हे खरं, पण वीज, वाळू, कोअर, मजुरी वाया जाते. ते नुकसान किलोमागे २५ रुपये धरलं तर महिन्याला २०,००० वाचतात. साडेचार महिन्यांत खर्च वसूल होतो. या फाउंड्रीने नक्की पुढे जावं.

हाच हिशेब महिन्याला आठ टन ओतणाऱ्या युनिटला लावा. बचत महिन्याला ४,००० होते आणि वसुलीला दोन वर्षांच्या आसपास लागतात. त्या युनिटने प्राथमिक टप्पा करावा आणि उरलेला वेळ नवीन गिऱ्हाईक शोधण्यात घालावा.

तुमचे आकडे घालून हा हिशेब कागदावर करा. बचत धरताना हात आखडता ठेवा. खर्च वर्षाच्या आत वसूल होत नसेल, तर मी नाही म्हणेन. अपवाद एकच, मोठ्या गिऱ्हाइकाची अट. पण ती अट खरी आहे का, हे गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाला ईमेल करून विचारा: "झेड किंवा दुसरं कुठलं प्रमाणपत्र तुम्हाला लागतं का? त्याने पुरवठादाराचं रेटिंग वाढतं का?" कित्येक ठिकाणी त्यांना आयएसओ किंवा वाहन उद्योगातलं त्यांचं स्वतःचंच ऑडिट हवं असतं, आणि झेडचा बोर्ड दारावर लावून ऑर्डर वाढत नाहीत. काही बँका झेडधारकांना प्रक्रिया शुल्कात किंवा व्याजात सवलत देतात. तुमच्या शाखेत आधी विचारा आणि ती रक्कमही हिशेबात धरा.

चौथी पायरी: सल्लागाराला शेडमध्ये फिरवा

ऑफिसात चहा आणि प्रेझेंटेशन यावर निर्णय घेऊ नका. काम चालू असताना त्याला तासभर शॉपफ्लोअरवर न्या. तो काय विचारतो, ते बघा. चांगला माणूस मोल्डरला विचारतो, हेल्परला विचारतो, स्क्रॅपच्या ढिगापाशी थांबतो, एक पार्ट उचलून दोष बघतो. बाहेर आल्यावर तो दोन-तीन नेमक्या गोष्टी बोलतो आणि उरलेल्यांबद्दल "नोंद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही" म्हणतो.

त्याला हे विचारा: तुमच्यासारख्या उद्योगात आधी काम केलंय का? तिथल्या मालकाशी बोलता येईल का? स्वतः येणार की सहायक पाठवणार? महिन्याला किती भेटी, प्रत्येक भेट किती तासांची? दिलेल्या मालकाला खरंच फोन करा आणि "काम कसं झालं" याऐवजी "सल्लागार गेल्यावर काय काय अजून चालू आहे" असं विचारा.

पुढचं काही कानावर आलं तर तिथेच नमस्कार करा. "तुम्हाला काही करायला लागणार नाही, फाईल आम्ही तयार करतो." "तुमचा दहा टक्क्यांचा वाटा आम्ही परत देतो." "उद्यमचा ओटीपी सांगा, बाकी आम्ही बघतो." पहिल्या वाक्याचा अर्थ कारखान्यात काही बदलणार नाही. दुसऱ्यात तुमच्या नावावर खोटी कागदपत्रं होण्याचा धोका आहे, आणि सही तुमची असते. तिसऱ्यात तुमच्या नोंदणीची किल्ली परक्याच्या हातात जाते. अर्ज स्वतः भरा, किंवा घरातल्या मुलाला-मुलीला शेजारी बसवून भरा.

पाचवी पायरी: चार गोष्टी लेखी

योजनेचा ठरलेला करार असतोच. त्याखेरीज एका पानावर तुमच्यात आणि सल्लागारात हे लिहून घ्या: कुठला आकडा, आज किती, किती करायचा आणि कधीपर्यंत. कारखान्यातला कुठला माणूस त्याच्याबरोबर असेल. तुमचं कॉस्टिंग आणि गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज बाहेर जाणार नाहीत. दोन महिन्यांनी बसून आढावा घ्यायचा आणि तोवर नोंदीतही काही हललं नसेल तर पुढे जायचं की नाही, ते ठरवायचं.

शेवटचा मुद्दा बरेच जण संकोचाने टाळतात. तो टाळू नका. सुरुवातीला ठरलेलं असेल तर थांबताना कुणालाच वाईट वाटत नाही.

सुरुवात कधी करायची, तेही याच पानावर येऊ द्या. मार्च महिना टाळा, दिवाळीच्या आधीचे सहा आठवडे टाळा. उत्तरेकडचे कामगार जास्त असतील तर छठ आणि होळीला ते गावी जातात, तेव्हाचे आठवडेही सोडा. निम्मी माणसं नसताना बसवलेली पद्धत ती परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

सल्लागार गेल्यावर

तारापूरचा अनुभव इथे उपयोगी पडतो. पद्धती एकाच सुपरवायझरच्या डोक्यात राहिल्या तर तो नोकरी बदलेल त्या दिवशी त्याही जातील. म्हणून सुरुवातीपासून दोन माणसं बरोबर द्या, आणि त्यातला एक घरचा असेल तर उत्तम. रोज सकाळी दहा मिनिटं कालचं रिजेक्शन आणि कालचं बंद राहिलेलं मशीन यावर उभ्याउभ्या बोलणं, आणि महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः वही उघडणं, एवढं टिकलं तरी चालेल. कामगारांना बचतीतला थोडा वाटा द्या. रिजेक्शन कमी केल्याबद्दल महिन्याला काही रक्कम मिळाली, तर नोंद खरी राहते.

सोमवारी काय करायचं

उद्यम प्रमाणपत्राची प्रत घ्या, त्यावरचा उद्योगाचा प्रकार आणि वर्ग तपासा. महिनाभराची वही तयार असेल तर ती बरोबर घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जा, किंवा मुंबई-नागपूर जवळ असेल तर केंद्राच्या एमएसएमई विकास व सुविधा कार्यालयात. तुमच्या वसाहतीतल्या उद्योजक संघटनेत आधी विचारा, कारण कुठला सल्लागार कुणाकडे कसा वागला हे तिथे माहीत असतं. लीनचे सगळे टप्पे संघटनेमार्फत पूर्ण करणाऱ्यांना आणखी पाच टक्के मिळण्याचीही सोय आहे, तेव्हा त्याबद्दल तिथे चौकशी करा. वही अजून नसेल तर कार्यालयात जाण्याची घाई नको. आज संध्याकाळी चार रकाने आखा आणि उद्याच्या पहिल्या शिफ्टपासून नोंद सुरू करा.